बायजाबाईच्या पायरीवर

शिकलेल्या माणसांचा मला संताप येतो. मी स्वतः बँकेत, त्यांच्यातलीच, तरी येतो. का, ते बायजाबाईची गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

बायजाबाई मूळची कोपरखैरण्याची. आमचं सेक्टर उभं राहिलं ते तिच्या घरच्या भातशेतावर. जमीन गेली, मागोमाग नवरा गेला, तेव्हा तिने घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं. आम्हा नोकरीवाल्या बायांची दहा-बारा पोरं तिच्याकडे असत. माझा ऋषी तिथेच वाढला. बाई फटकळ. न्यायला उशीर झाला की गल्लीला ऐकू जाईल असं झापायची. पण पोरांना मऊ भात कालवून भरवायची तीच, आणि कुणाचं नाक गळतंय हे आईआधी तिला कळायचं.

सत्त्याण्णव साली आमच्याच गल्लीतले श्रुती आणि आशुतोष हे नवरा-बायको वेगळे झाले. त्यांची ऋता साडेचार वर्षांची, तीही बाईकडेच असायची. श्रुती इथेच राहिली, आशुतोष नेरुळला गेला. सकाळी श्रुती बजावून जायची, "मुलगी त्याच्या हातात द्यायची नाही." दुपारच्या सुट्टीत आशुतोष येऊन नेमकं उलट बजावायचा. आणि ऋता रोज संध्याकाळी आपली एक चप्पल दडवायची, कधी तांदळाच्या डब्यामागे, कधी मोरीत. चप्पल नाही म्हणजे कुणालाच नेता येणार नाही, एवढं तिला कळत होतं.

एके दिवशी दोघं एकाच वेळी आले. एकाने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा. फ्रॉकची बाही उसवली. मी ऋषीला न्यायला आले होते, नुसती बघत उभी राहिले. त्याची मला अजून लाज वाटते. बायजाबाईने ऋताला आत ओढलं, बाहेरून कडी घातली आणि म्हणाली, "दोगं बसा पायरीवर. पोर आतमदी हाय. ठरल्याबिगर कोनाला मिलनार नाय."

"हा आमचा खाजगी प्रश्न आहे," आशुतोष म्हणाला.

"मंग माझ्या दारात कशाला आनलास?"

त्या दिवशी फक्त उद्याचं ठरलं. पुढचे चार शनिवार, बाकीची पोरं गेली की दोघं त्या पायरीवर बसायची. बाईचा नियम एकच. "मागचा काय बोलायचा नाय. सोमवारी पोरीला कोन आननार, ता बोला." कुणी "वकील म्हणतात" असं सुरू केलं की ती केरसुणी घेऊन पायरीच झाडायला लागायची. दोघांना मुकाट्याने पाय वर घ्यावे लागत.

बाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ठरलेलं मी वहीत उतरवायची. आठवडाभर आईकडे, शनिवार-रविवार बाबाकडे. ताप आला तर लगेच दुसऱ्याला कळवायचं. पोरीसमोर एकमेकांना बोल लावायचे नाहीत. एकेका ओळीला तास जायचा. एकदा श्रुती रडली. एकदा आशुतोष तणतणत निघून गेला आणि कोपऱ्यावरून परत आला.

चौथ्या शनिवारी श्रुती म्हणाली, "आता एक शेवटचं. जूनपासून पाळणाघर बदलायचं. बाईंची भाषा ऋता उचलते."

"मलाही हेच म्हणायचं होतं," आशुतोष लगेच म्हणाला.

महिन्याभरात न भांडता दोघांना पटलेली ही पहिली गोष्ट! ज्या बाईच्या पायरीवर बसून माणसांत आलात, तिचीच भाषा नको? माझं डोकं फिरलं. मी पेन आपटलं. "मी हे लिहिणार नाही."

"लिव," बायजाबाई म्हणाली. "दोगांचा ठरलाय ना? मंग लिव."

मी लिहिलं. दोघांनी सह्या केल्या, साक्षीला बाईने अंगठा उठवला. मग कडी काढून तिने आत हाक मारली, "ऋते, तुझा बाबा आलाय न्यायला."

ऋता बाहेर आली. दोन्ही पायांत चपला होत्या. आईला टाटा करून, बाबाचं बोट धरून ती गेली. तिच्यामागून श्रुतीही गेली.

बायजाबाईने केरसुणी उचलली आणि पायरी झाडायला घेतली. मी वही घेऊन अजून पायरीच्या टोकाला बसले होते. झाडत झाडत ती माझ्यापर्यंत आली आणि खेकसली, "पाय उचल."