उजवीकडून उघडणारं पुस्तक

मंडळी, माझं फॅन आर्टचं पुस्तक आज छापून आलं, आणि ते उलटं निघालं.

एका मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा मालिकेतली माझी आवडती पात्रं मी आपल्या पेणच्या मिठागरांत आणून काढली आहेत. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून माझं पुस्तकही तसंच मांडलं होतं. रोह्याच्या छापखान्यातल्या काकांनी मात्र पानांचा सगळा क्रमच फिरवला.

"तुझी चूक झालेली, मी सुलटं केलं," ते प्रेमाने म्हणाले.

पूर्वी मी गुपचूप गठ्ठा उचलून घरी आले असते. आज म्हटलं, "काका, ते तसंच पाहिजे. पुन्हा छापून द्या."

मग शेजारी बसून त्यांना मूळ पानं उजवीकडून वाचून दाखवली. चार पानांनंतर ते स्वतःच पानं उलटायला लागले. एका चित्रावर थांबले. त्यात नायिका लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढतेय.

"फळी अशी नाय धरत गो. माझा बाप मिठागरातच राबला. खालचा हात उलटा पाहिजे, नायतर मनगट जाईल."

कोपऱ्यातला झाडू घेऊन त्यांनी उभं राहून दाखवलं. मी तिथेच पेन्सिल काढली आणि तो हात नव्याने काढला. आता पुस्तक पुन्हा छापतंय, उजवीकडून उघडणारं, आणि त्यात नायिकेने फळी नीट धरलेली.

ज्याची चूक दाखवायला गेलात, त्यानेच तुमची चूक दाखवली, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?