तारेनं केलेलं मरण

रत्नागिरीच्या बंदरावर बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात मारली. मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी होती, तिच्याकडे उतारू नेणारी होडी, म्हणजे पडाव, भरत आली होती. ते म्हणाले होते, "पोचलास की कुणा परतणाऱ्याकडं तोंडी सांगावा धाड." मी हसलो. "आता तार असते, बाबा. तोंडी सांगायचे दिवस गेले." त्यावर ती चपराक.

रागाच्या भरात मी मुंबईत उतरल्या दिवशीच तार ठोकली. इंग्रजीत दोनच शब्द, अर्थ एवढाच की सुखरूप पोचलो. केवढी ऐट वाटली होती मला!

आमच्या वाडीत तोवर तार आली होती ती फक्त कुणी मेल्याचीच. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तारवाला कागद देऊन गेला. इंग्रजी वाचणारे मास्तर नेमके पालीच्या बाजाराला गेलेले. तेवढा धीर कुणाला? थोरल्या आत्येनं बोंब ठोकली. चौघींनी माझ्या बायकोला, पार्वतीला, धरून अंगणात बसवलं. "आधी वाचा तरी! कुनीतरी वाचा!" ती किंचाळत राहिली. आत्येनं तिचे हात जांभ्याच्या पायरीवर दाबले आणि दगडानं बांगड्या ठेचल्या. काचा मनगटात घुसल्या. कपाळावरचं कुंकू रक्ताच्या हातांनीच पुसलं गेलं. मास्तर संध्याकाळी आले, कागद वाचला, तर मी सुखरूप पोचल्याचं निघालं. तोंडी निरोप आणणाऱ्याला निदान उलट विचारता येतं, कागदाला काय विचारणार?

शिमग्याला मी गावी आलो तेव्हा थोरल्या भावानं मला अंगणातच दांडक्यानं बडवलं. "तोंडी सांगावा धाडाया जीब झडली व्हती काय रं तुजी?" मी हात उचलला नाही. मार माझ्या हक्काचाच होता.

पण दुसऱ्या दिवशी दारात पालखी आली. पार्वती ओटी भरायला पुढं झाली आणि आत्येनं तिच्या हातातलं ताट हिसकावलं. एकदा फुटलेला चुडा देवापुढं चालत नाही म्हणे. नवरा शेजारी जिवंत उभा! माझं डोकं फिरलं. मी आत्येला ढकललं, ती उंबऱ्यावर आपटली, कपाळ फुटलं. म्हाताऱ्या बाईवर हात टाकल्याची लाज अजून वाटते. तरी पार्वतीला घेऊन मुंबईला निघालो त्याची वाटत नाही.

आता आमच्या कचेरीत टेलिफोन आलाय. दोन खोल्या पलीकडचे कारकूनही उठून येत नाहीत, यंत्रातूनच बोलतात. ती घंटा वाजली की मी अजून दुसऱ्याला उचलायला सांगतो.

परवा बाबांनी शेजारचा गणू मुद्दाम आगबोटीनं पाठवला. आत्या थकली आहे, सूनबाईला घेऊन एकदा घरी ये, असा निरोप. गणू बोलताना रडला. मी पार्वतीकडे पाहिलं. ती बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या घरात तुमची रांडाव ऱ्हाते. तिला भेटायचं आसंल तर जावा. बायको हिकडं हाय."