घंटांचा म्हातारा

शारजाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा स्टाव्रोस पहिल्यांदा दारात आला तो माझ्या बायकोची साडी मागायला. "भाभी, एक साडी चाहिए," तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "आप के हजबंड के लिए."

हा ग्रीक माणूस जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. आखातात इतकी वर्षं काढलेली, की भांडायचा हिंदीत आणि समेट करायचा अरबीत. काहीही सांगून झालं की म्हणायचा, "खलास, इतना सिंपल!" आणि ती गोष्ट कधीच सिंपल नसायची.

त्याच्या बेटावर ईस्टरच्या मोठ्या उपासाआधी कार्निव्हल असतो. पुरुष अंगावर काळं केसाळ घोंगडं घेतात, तोंडावर करडाचं कातडं बांधतात आणि कमरेला शेळ्यामेंढ्यांच्या घंटांचं ओझं लटकवून गल्लीबोळांतून नाचतात. त्या सोंगाचं नावच 'म्हातारा'. सोबत बाईच्या वेशातला एक पुरुष, रुमाल हलवत.

"अहो, हा तर आपला शिमगाच!" सुनंदा म्हणाली. ती गुहागरची. साडी लगेच मिळाली. माझं मत कुणी विचारलं नाही.

स्टाव्रोसचे वडील त्याच हिवाळ्यात वारले होते. गावात दरवर्षी म्हातारा व्हायचे ते तेच. जहाज गोदीत अडकल्यामुळे ह्याला रजा नव्हती, म्हणून भावानं वडिलांच्या घंटा कार्गोनं इकडे पाठवल्या. आई अंथरुणाला खिळलेली. तिला त्या फोनवर ऐकायच्या होत्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. लिफ्ट मध्येच थांबली. दारात रत्नागिरीच्या हमीदाखाला, हातात पावाची पिशवी. त्यांनी आधी करडाच्या तोंडाकडे पाहिलं, मग हिरव्या साडीवरच्या माझ्या मिशांकडे.

"तुम्ही जा बाबांनो," त्या म्हणाल्या, "मी जिन्यानं येते."

मागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये मी एका हातात रुमाल आणि दुसऱ्यात त्याच्या आईला लावलेला मोबाइल धरला. स्टाव्रोसनं पहिली उडी मारली आणि असा गजर झाला की दोन गाड्यांचे अलार्म कोकलायला लागले. क्रिकेट खेळणारी पोरं जवळ आली. "अंकल, इज दॅट अ गोट?" वॉचमन धावत आला, "साब, ये क्या हो रहा है?" मी पदर सावरत म्हटलं, "टेस्टिंग."

तेवढ्यात फोनमधून म्हातारी ओरडली. स्टाव्रोसनं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा पडला, हे मला कातड्यावरूनही कळलं.

"बोलती है, ये बाबा नहीं. मेरा दोनों पैर बराबर पडता है. बाबा का लेफ्ट लेट आता था."

तो पुन्हा नाचला. मुद्दाम लंगडला, तर म्हातारी आणखी चिडली. तो हट्टानं नाचतच राहिला. ऊन चढलं, घोंगड्यातून घाम गळायला लागला. मी थांब म्हणत होतो, तो ऐकेना. शेवटी खरंच दम संपला आणि त्याचा डावा पाय वाळूत ओढला जाऊ लागला. एक ठोका, मग जरा उशिरा दुसरा.

 फोनमधून म्हातारी आता हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मी फोन त्याच्या कानाला लावला. त्यानं कातडं वर सरकवलं. डोळे लाल झाले होते.

"क्या बोली?"

"बोलती है, बुड्ढे को बिठाओ. थक गया."

आणि तो आहे तिथेच, वाळूत बसला. मीही निऱ्या गोळा करून त्याच्या शेजारी टेकलो.