सात फुटलेले पिरोहे

टिली सावचुक हार्ट अटॅकने गेली असं गावात सगळे सांगतात. मी सांगते, ती आमच्या आंधळेपणाने गेली. असं बोललं की चर्चच्या तळघरातल्या बायका खाली मान घालून बटाटे सोलायला लागतात. सोलू देत.

टिली म्हणजे आमच्या पिरोह्यांची हेडमास्तरीण. नोव्हेंबरातल्या चारही गुरुवारी आम्ही बावीस जणी तळघरात जमतो आणि नाताळच्या विक्रीसाठी सहाशे डझन पिरोहे, उकडलेल्या करंज्याच म्हणा, करतो. पीठ लाटायचं, पेल्याने गोल पाडायचे, मध्ये बटाटा-चीजचं सारण ठेवून दुमडायचं आणि कड चिमटायची. सगळी कसोटी त्या चिमटीत. कड जरा ढिली राहिली की पिरोहा उकळत्या पाण्यात फुटतो आणि पातेल्यात नुसती पेज होते. टिली प्रत्येकीच्या ताटावर नजर ठेवून हिंडायची. मी लग्न होऊन या गावात आले, तर पहिल्याच गुरुवारी तिने माझा पिरोहा सगळ्यांसमोर उचलून धरला. "वर्ना, ही खिडकी कशाला ठेवलीस गं? बटाट्याला हवा लागायला?"

सगळ्या खो खो हसल्या. तेवीस वर्षं मी ते विसरले नव्हते, आणि तिनेही मला विसरू दिलं नाही.

बाई मात्र खमकी. आठवीत शाळा सुटली ती बापाच्या गव्हाच्या शेतात राबायला. धान्याचा ट्रक ती गावातल्या कुठल्याही पुरुषाइतका सफाईने मागे घ्यायची. नवरा निक सहा वर्षांपूर्वी गेला, तोही बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगच्या भर सामन्यात. छातीवर हात दाबला, तोंड वाकडं केलं आणि धाडकन बर्फावर आडवा. अर्धं गाव तिथे हजर होतं. त्या दिवशी हार्ट अटॅक म्हणजे काय ते आम्हाला कळलं, आणि तिथेच आमचा घात झाला. याहून निराळाही असतो, हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. टिलीच्याही नाही.

टिलीचं सुरू झालं ते गेल्या वर्षी सप्टेंबरात. कापणीच्या दिवसांत तिचा जबडा दुखायला लागला. दातांच्या डॉक्टरने एक दाढ उपटली. दुखणं तसंच. चढ चढला की दुखायचं, खाली बसली की थांबायचं. दाढेला काय पायऱ्या कळतात? हा प्रश्न त्या शिकलेल्या माणसाला पडायला नको होता का? मग ती अठ्ठावन्न किलोमीटरवरच्या दवाखान्यात गेली. तिथे डॉक्टरने छातीत दुखतं का विचारलं, ती नाही म्हणाली. वय झालंय, एकटं राहता, काळजी करू नका, असं सांगून त्याने झोपेच्या गोळ्या दिल्या. वायरी लावून हृदयाचा आलेख काढायला दहा मिनिटं लागली असती.

आठवड्याभराने पीठ मळताना तिने मला सांगितलं, की छातीवर कुणीतरी बटाट्याचं पोतं ठेवल्यासारखं होतं. मी म्हटलं, अगं, मग डॉक्टरला का नाही सांगितलंस?

"त्याने दुखतं का विचारलं. दुखत कुठे होतं? दडपतं का असं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आणि मी, शहाणी, काय केलं? हसले आणि पिठात पाणी घातलं.

तिचा हात भरून यायचा. पण नोव्हेंबरात ज्या बाईचा खांदा दुखत नाही ती कामचुकार, असं आमच्यात धरतात. मलमाची एकच ट्यूब सगळ्यांत फिरते, ती टिलीकडेही फिरली. तळघराला अकरा पायऱ्या आहेत, भिंतीवर जुन्या फादरांचे फोटो. त्या वर्षी टिली सातव्या पायरीवर थांबून फोटो न्याहाळायला लागली. उतरताना नाही, फक्त चढताना. म्हातारपणी बाई देवभोळी झाली, अशी मी तिची थट्टा केली, आणि तिनेही ती चालू दिली. धाप लागते हे कबूल करण्यापेक्षा तिला ते बरं वाटलं असणार.

तिसऱ्या गुरुवारी पातेल्यावर मी होते. एकाच ताटातले सात पिरोहे एकामागून एक फुटले. मी झारा आपटून ओरडले, कुणी चिमटलेत हे, डोळे मिटून?

टिली म्हणाली, "माझं ताट आहे ते."

सहाशे डझनात जिचा एक फुटत नसे, तिचे सात. बोटांत जोर राहिला नाही, हे त्या कडा ओरडून सांगत होत्या. मला काय ऐकू आलं? तेवीस वर्षांपूर्वीचं हसू. मी म्हटलं, "खिडक्या ठेवल्यास वाटतं टिली, बटाट्याला हवा लागायला."

बायका पोट धरून हसल्या. टिलीने उलट उत्तर दिलं नाही. जिने आयुष्यात कुणाचा टोमणा उधार ठेवला नाही, ती गप्प बसली, आणि मला वाटलं मी जिंकले. तिने रिकामं ताट माझ्या हातात दिलं तेव्हा तिची बोटं ओली आणि गार लागली. त्या वाफेत आम्ही सगळ्या लालबुंद झालो होतो आणि हिचा हात बर्फासारखा. मळमळतंय, जरा गाडीत बसते, असं म्हणून ती गेली. जा, म्हटलं मी. पायऱ्यांवर ती दोनदा थांबली, ते मी खालून पाहिलं.

चाळीस मिनिटांनी आमच्यातली डोरीन लोण्याचे डबे आणायला बाहेर गेली, तेव्हा टिली स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेली होती. अँब्युलन्स आली ती नुसती न्यायला.

पुढच्या गुरुवारी कामाच्या पाळ्यांमधून तिचं नाव काढायचं म्हणून मी तळघरातल्या फ्रिजवरचा कागद ओरबाडला. खाली दुसरा कागद होता. वसंतात दवाखान्यातल्या परिचारिका बाईने लावून ठेवलेला, बायकांच्या हृदयाबद्दलचा. त्यावर जबडा होता, पाठ आणि हात होता, धाप, मळमळ, गार घाम, छातीवरचं ओझं, न संपणारा थकवा, सगळं होतं. एका ओळीत लिहिलं होतं की दुखेलच असं नाही, वाट पाहू नका, फोन करा. टिलीची सबंध शरद ऋतूची हकीकत आमच्या फ्रिजवर लावलेली होती, आणि तिच्यावर पाळ्यांचा कागद चिकटवणारी मीच होते.

मी सातव्या पायरीवरच्या फादरांचा फोटो उतरवला आणि तिथे तो कागद ठोकला. आत्ताच्या फादरांना राग आला. ते म्हणाले, चर्चचे संस्थापक आहेत ते. मी म्हटलं, "संस्थापक स्वर्गात आहेत फादर, त्यांना भिंत नको. आमच्या बायका दम खायला इथे थांबतात." कागद तिथेच राहिला.

यंदाच्या पहिल्या गुरुवारी डोरीन रिकामी परात घेऊन चढताना सातव्या पायरीवर थांबली. मी खालून विचारलं, काय वाचतेस?

"वर्ना, दोनदा वाचलं," ती म्हणाली. "माझा जबडा कालपासून दुखतोय."

मी पिठाच्या हातांनी फोन केला. ती नको नको म्हणत होती, पातेलं उकळतंय, लोक हसतील. हसणारीला मी बघून घेईन, म्हटलं, आणि तिला त्याच पायरीवर बसवून ठेवलं. अँब्युलन्सवाला आला, वाकला आणि त्याने विचारलं, छातीत दुखतंय का?

डोरीन म्हणाली, नाही. तो उठायला लागला. मी त्याची बाही धरली.

"तसं नाही विचारायचं. दडपतंय का ते विचारा."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे, आणि विचारलं. डोरीन हो म्हणाली. त्याने पेटी उघडली आणि तिथेच, पायऱ्यांवर, तिला वायरी लावल्या.