आधी झाकण वाचायचं

गॅरेजमध्ये जुनं तेल साचतं आणि किस्सेही साचतात. तेल न्यायला महिन्याला टेम्पो तरी येतो, किस्से माझ्याकडेच पडून आहेत! आमचं गॅरेज धायरीला. मालक अन्वरभाई, मूळचे कसबा पेठेतले. मी त्यांच्या हाताखालचा मेकॅनिक.

*

पुण्यात आयटी आली आणि पाठोपाठ पॉवर स्टिअरिंगच्या गाड्या आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका देशमुखबाईंनीही एक घेतली. पहिल्याच दिवशी ऐटीत दाखवायला आल्या.

"अहो अन्वरभाई, एका बोटानं वळते!"

"छान. बाकीची नऊ पण स्टिअरिंगवरच ठेवा, बाई!"

*

वाघोलीचा एक इंजिनियर स्वतःच तेलाचा डबा घेऊन आला. "काका, नेटवर वाचलंय. स्टिअरिंगला कुठलंही ऑइल चालतं, सगळं सेमच असतं!"

भाईंनी त्याचा चष्मा मागून घेतला आणि आपला त्याच्या हातात दिला.

"आता हा घालून घरी जा. सेमच असतो!"

डबा आला तसा परत गेला.

*

माझी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. बाईंच्या गाडीच्या स्टिअरिंगला हिरवं तेल लागायचं. तेलाच्या टाकीच्या झाकणावर तसं लिहिलेलंही होतं. मी घाईत झाकण न वाचताच लाल ओतलं. काही आठवड्यांनी आतलं रबरी सील खराब झालं, तेल गळून गेलं आणि दिवे घाटात ऐन वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. बाईंनी कशीबशी गाडी कडेला घेतली. गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली आणि थेट विचारलं,

"कोणी टाकलं होतं तेल?"

"मी," भाई म्हणाले. "चूक माझीच."

नंतरही मला एका शब्दानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

*

त्या दिवसापासून नियम झाला. भाई स्वतः फडक्यानं झाकण पुसणार, त्यावरचं मोठ्यानं वाचणार, गिऱ्हाईक ऐकणार, मगच डबा उघडायचा.

"काय भाई, पूजा सांगताय का?" लोक चिडवायचे. पण पुढे त्या वाचनाच्या भरवशावरच लांबून यायला लागले.

*

मग भाईंना काचबिंदू झाला. हे फक्त मला माहीत होतं. गाडी ते आवाजावरून ओळखायचे, झाकण पुसायचे आणि पाठ असलेलं म्हणायचे. मी मागे उभा राहून दर वेळी झाकण बघून घ्यायचो. गिऱ्हाइकासमोर एकदा जरी चुकले, तरी भाई पुन्हा गॅरेजची पायरी चढणार नाहीत, याची मला खात्री होती. मला त्याचीच धास्ती होती.

*

एका सकाळी देशमुखबाई नवी गाडी घेऊन आल्या. भाईंनी गाडीऐवजी बाईंचा आवाज ओळखला. झाकण पुसलं, डोळ्यांसमोर धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "हिरवं!"

झाकणावर लाल तेलाचं नाव होतं. बाई शेजारीच उभ्या होत्या, चष्मा लावून झाकणाकडेच बघत.

"थांबा भाई," मी म्हणालो. "मीच मघाशी तुम्हाला हिरवं सांगितलं. हिला लाल लागतं. चूक माझीच."

बाईंनी भाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सुनील, तू अजून तसाच धांदरट आहेस," म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

भाईंनी फडक्याची घडी घातली. चाचपडत माझा खांदा शोधला आणि फडकं त्यावर ठेवलं.

"आता तू वाच," म्हणाले. "मी ऐकतो."