जोडीतला फोटोसेल

सरळपणापायी लोकांना छळणारा आमच्या थोरल्या साडूंसारखा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते उपकरणं दुरुस्त करत आणि उरलेला वेळ नंदनवनातल्या घरी, वस्तू सरळ आहे की तिरपी हे दाखवणाऱ्या स्वतःच्या यंत्रात घालवत. शेजारी शेजारी दोन फोटोसेल आणि त्यांच्यावर आरशातून पडणारा उजेडाचा ठिपका. ठिपका बरोबर मध्ये असला की दोन्ही सेल सारखाच करंट देणार आणि काटा शून्यावर. केसभर सरकला की काटा हलणार. वीज मंदावली तर? दोन करंटांतला फरक बेरजेने भागायचा, म्हणजे दिवा मिणमिणला तरी ठिपक्याची जागा खोटी येत नाही. हा भागाकार त्यांनी मला इतक्या वेळा समजावला, की त्यांच्याकडे गरम चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

एकदा बैठकीतली तसबीर त्यांनी या यंत्राने टांगली. तिला आरशाचा तुकडा चिकटवून सबंध रविवार खपले. काटा शून्यावर आला तेव्हा ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "डावा कोपरा खाली दिसून राहिला जी."

साडू चिडले, तरी सर्किट तपासायला बसले. तासाभराने एक सैल तार सापडली. तेव्हापासून ताईने दारातून मान हलवल्याशिवाय यंत्राचं शून्य वहीत चढत नसे. साडूंनी हे कबूल मात्र कधी केलं नाही. म्हणायचे, "तिले दारात उभं राहाची सवयच आहे."

मग ताईला कावीळ झाली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ती पडल्या पडल्या भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं असल्याचं सांगायची आणि साडू ती म्हणेल तसं मुकाट्याने सरकवायचे. तिथून ती घरी आली नाही.

महिन्याभराने मी गेलो तेव्हा यंत्र चालू होतं आणि काटा एका टोकाला चिकटला होता. दोन सेलपैकी एक गेला होता. दुसरा आणून बसवा, असं मी आपलं सहज म्हणालो.

"नाही जमत गा. जोडी एकसारखी लागते. कोणताही बसवला का शून्यच खोटं होते."

एरवी मी थट्टा केली असती. तसबिरीशेजारी ताईचा फोटो लावला होता, तो डावीकडे चांगलाच उतरला होता. मी सरळ करायला उठलो.

"राहू दे," साडू म्हणाले. "सरळ झाला म्हणून कोण सांगन?"

मग मीच जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. पण डोळे भरून आले होते, तिथून मला काहीच नीट दिसेना.