पांढऱ्या गाडीचं बॉनेट

१२ एप्रिल, शुक्रवार. काम: गाडीवरची चादर काढून शेवटचं पॉलिश करणे.

सकाळी शेड उघडलं तेव्हा सगळ्यात आधी दिसली ती लिंबं. चारी चाकांखाली एकेक, मंगळवारपासून पडलेली, सालं सुकलेली. मंगळवारी पाडवा होता आणि मी कामावर होते. आई घरी होती. पुढचं मला तिथेच कळायला हवं होतं, पण मी आधी लिंबं उचलली आणि मग चादर ओढली.

पांढऱ्या बॉनेटच्या मधोमध, ताटाएवढं, ओल्या कुंकवाने काढलेलं सुबक स्वस्तिक होतं. आईचा हात चांगला आहे. रेघा सरळ, चार टिंबं जागच्या जागी.

ही गाडी मी इथे आयर्लंडमध्येच, लिमरिकच्या बाहेर एका गोठ्यातून आणली. अमेरिकन, दोन सीटची, माझ्याहून थोडी मोठी, स्टीअरिंग डावीकडे. आत कोंबड्या राहत होत्या. बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे तिला गंज नव्हता, तो सगळा खालच्या सांगाड्याने घेतला होता. मी लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात काम करते. तिथे धुळीचा एक कण सापडला तरी मीटिंग होते. शनिवार-रविवार मी याच्या उलट काम केलं. घासणे, भरणे, पुन्हा घासणे. सांगाडा वेल्डिंग करून घेतला, ब्रेक नवे केले, इंजिन दोनदा खोललं, कारण पहिल्यांदा एक वॉशर उरला. आई पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "एवढी लांब गाडी आणि माणसं दोनच? डबा कुठे ठेवायचा?"

शेड माझं नाही. ते शेजाऱ्यांचं. ते जन्मभर सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन होते. आईने त्यांना पहिल्याच भेटीत पोस्टमास्तर करून टाकलं. शेडचं भाडं ते घेत नाहीत. एकच अट घातली होती. गाडी झाली की आपल्या मुलीला लग्नाच्या दिवशी चर्चपर्यंत त्यातून न्यायचं, आणि चालवायचं त्यांनी स्वतः.

मुलगी लिमरिकच्या हॉस्पिटलात नर्स आहे. बापलेकीचं फोनवरचं बोलणं मी पुष्कळदा शेडमधून ऐकलंय. तिकडे पाऊस आहे का, इकडे आहे, बरं मग. एकदा स्पार्क प्लग पुसता पुसता ते म्हणाले होते, "ही गाडी बरी. दोनच सीट. वीस मिनिटं ती उतरू शकत नाही आणि तिसरं कोणी चढू शकत नाही." एवढंच. मग सगळा हिवाळा ते शेडमध्ये बंद गाडीत बसून उजव्या हाताने गिअर टाकायची सवय करत होते. होणाऱ्या जावयाने एक लांबलचक काळी भाड्याची गाडी तयार ठेवली होती, ड्रायव्हरसकट, करवल्या आणि फोटोग्राफर बसतील अशी. ऐनवेळी लागली तर असू द्या, म्हणून.

लग्न शनिवारी होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी.

रंग मारून दोन आठवडे झाले होते. नवा रंग वरून वाळलेला दिसतो, आतून वाळायला वेळ लागतो. त्यात बाजारचं कुंकू, म्हणजे अर्धा रंगच, आणि वर तीन दिवस दमट चादर. साबणाच्या पाण्याने कुंकू गेलं आणि खाली गुलाबी स्वस्तिक राहिलं. पॉलिशने ते फिकट झालं आणि जास्त रेखीव दिसू लागलं. एका टिंबाला स्पिरिट लावून पाहिलं, तर टिंब पसरून रुपयाएवढं झालं. मी वॉटर पेपर भिजवला आणि एका टोकाकडून घासायला घेतलं.

आई चहा घेऊन आली.

"स्वस्तिक घासतेयस?"

"हो."

"लग्नाच्या आदल्या दिवशी?"

"आई, तू हे काढायच्या आधी मला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? तुझ्या बाबांच्या स्कूटरवर मी काढलं, तुमच्या पहिल्या गाडीवर काढलं. नवी गाडी पूजेशिवाय बाहेर काढतात का?"

"ही नवी नाहीये. पन्नाशीची आहे."

"रंग नवा आहे ना? मग झालं तर." तिने चहा टूलबॉक्सवर ठेवला आणि माझ्या हातातला कागद काढून घेतला. "स्वस्तिक पुसायचं नसतं. तेही परक्याच्या लेकीचं लग्न तोंडावर असताना. उद्या काही झालं तर?"

मी तिला सांगितलं की युरोपात या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे.

"माहीत आहे मला. शाळेत होता इतिहास. मग आपला अर्थ सांग की त्यांना."

"कुठे? चर्चच्या दारात? नवरी उतरत असताना?"

"उतरल्यावर सांग."

माझी सोळा वर्षांची मुलगी कोणाचा आवाज चढलाय ते बघायला आली. तिला मराठी सगळं कळतं, ती उत्तर इंग्रजीत देते. तिने बॉनेट पाहिलं, म्हणाली, "ओ मॅम," इथे आईला मॅमच म्हणतात, "नो. नो, नो, नो," आणि घरात निघून गेली. आमच्या चर्चेत तिने घातलेली भर एवढीच.

मग शेजारी आले. उद्याचा सूट आजच घालून बघितला होता, पायात मात्र घरातल्या सपाता. ते बॉनेटसमोर थांबले.

"अजून आहे का ते?" त्यांनी विचारलं.

"अजून म्हणजे? तुम्ही पाहिलं होतं?"

"मीच तर शेड उघडून दिलं. ताटही मीच धरलं होतं." त्यांनी कपाळाकडे बोट नेलं. "मलाही लावलं त्यांनी."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"त्या प्रार्थना करत होत्या," ते म्हणाले. "मध्ये कसं बोलणार? मला वाटलं, झाल्यावर पुसायचं असेल. मग त्यांनी चादर घातली. मला वाटलं, तुला माहीत असेल."

आईला इंग्रजी बेताचं येतं, पण आपल्या बाजूने कोणी बोलतंय हे तिला कुठल्याही भाषेत कळतं. "बघ," ती मला म्हणाली. "पोस्टमास्तरांची काही तक्रार नाही."

पोस्टमास्तरांची तक्रार नव्हतीच. त्यांनी फुलांचा मोठा गुच्छ वर ठेवायचं सुचवलं. गुच्छ ताटाएवढा लागला असता आणि ड्रायव्हरला रस्ता दिसला नसता. मी रुंद पांढऱ्या रिबनी लावून पाहिल्या. इथे लग्नाच्या गाडीला बॉनेटवरून दोन रिबनी तिरप्या बांधतात. त्या दोन्हींच्या मधल्या जागेत स्वस्तिक असं बसलं, जणू त्याला चौकट केली होती. आम्ही तिघं ते बघत उभे राहिलो. रिबनी काढल्या.

"ठीक आहे," शेजारी म्हणाले. "हे बघ, ग्रँड आहे. इतकं काही नाही त्यात. मी जावयाला फोन करतो, काळी गाडी आहेच." इथे ग्रँड म्हणजे 'चालेल' एवढंच, आणि हे ते बॉनेटकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाले. फोन खिशातून काढला. नव्या कोटाचा खिसा अजून शिवलेलाच होता, त्यामुळे फोन पँटच्या खिशात होता, आणि तो काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"फोन ठेवा," मी म्हटलं.

खरं म्हणजे तोपर्यंत माझ्याकडे काही उपाय नव्हता. रंग आणखी घासला तर खालचा प्रायमर दिसणार. नवा मारला तर उद्यापर्यंत वाळणार नाही, त्यावर रस्त्याची सगळी माशी-चिलटं चिकटणार. मी बॉनेट उघडलं, कारण इंजिनाकडे बघत असले की मला बरं सुचतं, आणि बिजागऱ्यांचे बोल्ट दिसले. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. गाडीचं मूळचं बॉनेट शेडच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं होतं. त्याला तडा होता म्हणून मी दुसरं मागवलं, आणि मग हट्टाने तडा पण भरून काढला. त्यावर करडा प्रायमर मारला होता, पुढे काही नाही.

पांढऱ्या गाडीला करडं बॉनेट म्हणजे अपघात झालेली गाडी. पण अपघात झालेली गाडी चर्चच्या दारात उभी राहू शकते.

"आई, हे मी पुसत नाही. अख्खं काढून ठेवते. चालेल?"

आईने विचार केला. तिच्या चेहऱ्यावर असे प्रश्न सुटताना मी लहानपणापासून पाहिलेत. पंचांगात नसलेल्या गोष्टींवर ती स्वतः निर्णय देते.

"काढून ठेवणं म्हणजे पुसणं नव्हे," ती म्हणाली. "देव्हारासुद्धा रंग देताना हलवतात. जमिनीवर ठेवू नकोस मात्र. आणि पाय लागेल असं नको."

शेजाऱ्यांनी सूटचा कोट काढून ठेवला. मी पाना चालवला, ते एका कोपऱ्याला, आई दुसऱ्या कोपऱ्याला. फायबरग्लासचं बॉनेट दिसतं त्यापेक्षा हलकं असतं, पण लवतं, म्हणून चालताना पावलं जुळवावी लागतात. आई मराठीत "हळू, हळू" करत होती आणि ते इंग्रजीत "यू हॅव इट, मिसेस" करत होते. पांढरं बॉनेट दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं. करडं चढवलं. ते सरळ बसायला दुपार गेली. बिजागरीखाली पत्र्याचे तुकडे घालून वर-खाली केलं, तरी डावीकडे करंगळी जाईल एवढी फट राहिली. मी जोरात आपटून बघितलं, कडी लागत होती. शेजाऱ्यांना गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारायला लावल्या. कडी लागलेलीच राहिली.

"मुलगी काय म्हणेल?" मी त्यांना विचारलं.

"काय माहीत," ते म्हणाले. "तिला काय वाटतं ते मला कधीच कळलेलं नाही."

शनिवारी सकाळी मी तेल, पाणी आणि टायरमधली हवा बघितली आणि गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली. मुलगी बाहेर आली. ड्रेसचा घेर बराच होता. तिने गाडीकडे पाहिलं.

"डॅडी, अर्धीच रंगवलीय का?"

"हो," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि आत बसली. ड्रेस आत घ्यायला दोन बायका लागल्या, त्यातली एक आई, जिला साडीच्या निऱ्या हाताळायची सवय आहे. फाटकाशी गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. आत ती हसताना दिसली, ते हसत नव्हते. तिसऱ्यांदा निघाली.

मी आईला माझ्या नेहमीच्या गाडीत बसवलं, मागे पाण्याचे कॅन, पान्यांची पेटी आणि आग विझवायचा सिलिंडर ठेवला, आणि बरंच अंतर ठेवून त्यांच्या मागे निघाले. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. पहिली दहा मिनिटं दोन्ही समोर बघत होती. मग उजवीकडचं डोकं डावीकडे वळलं आणि तसंच राहिलं. चर्चचा फाटा उजवीकडे आहे. गाडीचा डावा दिवा लुकलुकला आणि गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली.

"अगं, अगं, ते तिकडे कुठे चालले? रस्ता चुकले!"

"ते पोस्टमन होते, आई."

मी उजवीकडे वळले. चर्चच्या दारात फादर होते, जावई होता, करवल्या होत्या, आणि काळी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. जावयाने विचारलं, ते कुठे आहेत, मी गाडी पाठवू का?

त्या गाडीचा रेडिएटर मी स्वतः खोलून, धुऊन, नव्या नळ्या घालून बसवलेला आहे. भर उन्हात, गर्दीत, अर्धा तास उभी ठेवली तरी काटा मध्याच्या पुढे जात नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की अमेरिकन इंजिन आहे, जुनं आहे, तापतं, वाटेत थांबवून थंड करावं लागतं, आणि त्याला अजून वीस मिनिटं तरी लागतील.